हातचे दोन

उर्होच्या दुकानात मागच्या खोलीपर्यंत
फेब्रुवारीचा उजेड कसाबसा पोचतो.
पुढे विकायला अळ्या, बर्फाला भोक पाडायची गिरमिटं;
मागे काठ्या. म्हणजे काठ्या होण्याआधीच्या काठ्या,
नुसत्या निमुळत्या नळ्या, उघड्या,
ना मूठ, ना डोळे.

मी यादी करून नेली होती.
नऊ फुटी ब्लँक, कार्बनची.
टायटॅनियमची गाईडं. जपानी रीळ-बैठक.
उर्होनं वाचली, चार घड्या घातल्या
आणि लुडबुडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"पाणी कुठलं, हिल्का?"
गिरणीमागचा ओढा, म्हटलं,
आल्डरची झुडपं जिथे दोन्ही काठांवरून
डोक्याला डोकं लावून बसतात.
"मग नऊ फूट कशाला? झाडांची पाठ खाजवायला?"

साडेसहा फुटांची काढून दिली. फायबरग्लासची,
जुन्या सरबताच्या बाटलीच्या रंगाची.
"मंद आहे. तू चुकलीस तर थांबेल.
कार्बनची हुशार असते,
पण शिकाऊ माणसाची चूक लगेच तोंडावर मारते."

बुंधा टेबलावर टेकव, वाकव,
आणि वाकलेलीच फिरव, म्हणाला.
फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.
मग ती तळहातात टुणकन वळली,
झोपलेल्यानं कूस बदलावी तशी.
"हा तिचा कणा. पेन्सिलीनं खूण कर.
डोळे ह्याच रेषेत बांध,
नाहीतर पीळ धरून बसेल."

गाईडं साधी, एका पायाची: सात, आणि टोकाचं एक.
टायटॅनियमचं मी पुन्हा विचारलं.
"दागिने घालून पोहायला जातेस का?"
दोरा मात्र माझ्या मनानं घेतला, विटकरी.
इपॉक्सी लागला की काळा पडेल, म्हणाला.
पडू दे.

मुठी राहिल्या होत्या.
खणभर तयार मुठी, गुळगुळीत, सिगारसारख्या,
एकेक धरून पाहिली.
सगळ्या पाच बोटांच्या माणसांसाठी.

शाळेत बेरीज करताना हातचे धरायचे असत.
माझे हातचे दोन
प्लायवूडच्या पात्याकडे राहिले,
नोकरीच्या एकविसाव्या वर्षी, मंगळवारी,
जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना.

उर्होनं नजर वळवली नाही. चुचकारलंही नाही.
खिडकीच्या काचांची पुट्टी होती डब्यात,
तिचा गोळा केला, माझ्या हातात दिला:
"मासा लागलाय असं समजून आवळ."
आवळला.
उघडला तर तीन खाचा,
आणि खाली, जिथे काहीच लागत नाही,
तिथे एक फुगवटा.
"हा तुझा नमुना. तयार मूठ मी तुला विकणार नाही."
बुचाच्या बारा चकत्या मोजल्या,
सँडपेपरचे तीन कागद वर टाकले, फुकट.

तीन आठवडे घरभर बुचाचा भुगा.
सूपमध्ये, उशीवर, मांजराच्या मिशांत.
फुगवटा आधी फार ठेवला, मग फार घासला,
एक चकती फुकट गेली.
हात झोपेतही मूठ वळत होता.

सातवं गाईड बांधून झालं, दोऱ्याचं टोक कापलं,
तेव्हा कपाच्या बशीत ती सापडली,
मुठीच्या तोंडाशी बसवायची इवलीशी अंगठी,
जी टोकाकडूनच ओवता येते.
आणि वाटेत आता सात डोळे उभे.

रात्री साडेदहाला फोन केला.
उर्हो इतका हसला की खोकला लागला.
"उसवू नकोस. तिथे दोराच गुंडाळ जाडसर.
मासे काय, अंगठी बघून येतात?"

अंगठी आता किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.
विटकरी दोरा काळा पडला, अगदी सांगितल्यासारखा,
फक्त दिव्याजवळ नेला की आतून जरा तांबूस.

ओढा अजून गोठलेला.
स्वयंपाकघरात उभी राहून मी ती झुलवते,
टोक छताच्या दिव्याला लागतं,
मांजर टेबलाखाली पळतं.
तीन बोटं खाचांत बसतात,
फुगवटा रिकाम्या जागेत.

रीळ अजून घ्यायचंय.
पैसे संपले.